पलूसचा जॅक्सन

वीकएण्डला रिसॉर्ट नको, ट्रेक नको. एक जुना व्हिडिओ गेम बॅगेत टाका आणि कृष्णाकाठ गाठा!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या कँटीनमध्ये ठरलेला प्रश्न निघतो. ‘वीकएण्डचा काय प्लॅन?’ कुणी ताम्हिणी म्हणतं, कुणी दिवेआगर, कुणी नुसतंच ‘झोपणार यार!’ मी म्हणालो, ‘पलूस.’ टेबलावर दोन सेकंद शांतता. मग एकीनं विचारलं, ‘हे नवीन रिसॉर्ट आहे का?’

नाही हो. पलूस हे सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नाव ऐकलं नसेल, पण ओळख जुनी आहे तुमची. पुण्यात सकाळी ज्या चितळ्यांच्या दुधाचा चहा पिता, त्या चितळ्यांचा दुधाचा धंदा १९३९ साली सुरू झाला तो याच तालुक्यातल्या भिलवडीत. सोसायटीच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपावर जे किर्लोस्कर नाव असतं, त्या नावाची वाडीही इथलीच. आणि फेब्रुवारीत तुम्ही जी द्राक्षं किलोनं घेता, त्यातली काही इथल्याच बागांमधली असू शकतात.

‘पण तिथं बघण्यासारखं काय आहे?’ पुढचा प्रश्न आलाच.

‘एक मशीन होतं. आता नाहीये,’ मी म्हणालो.

सगळे हसले. मीही हसलो. पण माझ्या बॅगेत कपड्यांचे दोन जोड, डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक बाटली आणि एक सेकंडहँड प्लेस्टेशन थ्री होता. पलूसला माझ्या मामेभावाला, दादाला, ऑपरेशनसाठी तयार करायचं होतं. घरातले सगळे सांगून थकले होते. वहिनींनी शेवटी मला फोन केला, ‘भाऊजी, तुमचं ऐकतील. तुम्ही या.’

खिडकीची सीट

पलूसला गाडीनं जायला काय, एसटी आहे, स्वतःची कार आहे. पण माझं ऐका आणि रेल्वेनं जा. पुणे-मिरज लाइनवर किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन आहे, कोयना एक्सप्रेस तिथं थांबते. हडपसर मागं पडलं की अर्ध्या तासात गाडी शिंदवण्याचा घाट चढायला लागते. मग जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार. साताऱ्यानंतर डोंगर हळूहळू लांब सरकतात आणि खिडकीत ऊस येतो. ऊस, ऊस आणि ऊस.

कराडनंतरचं शेणोली स्टेशन डुलकीत घालवू नका. ७ जून १९४३ रोजी इथं प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं रेल्वेच्या पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवून लुटली होती. त्या मंडळींचं मोठं ठाणं होतं कुंडल, म्हणजे पलूसच्या शेजारचंच गाव. आपण आज त्याच रुळांवरून हेडफोन लावून, चिप्स खात जातो!

सप्टेंबरचा शेवट होता. पाऊस थांबला होता, पण रान अजून ओलं होतं. ताकारी गेलं आणि मी बॅग खांद्याला लावली.

किर्लोस्करवाडी स्टेशनचं जुनं नाव ‘कुंडल रोड’. १९१० साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना इथली ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचं कर्ज दिलं. जमीन कसली, माळ होता तो. दगड, निवडुंग आणि साप! बेळगावहून हलवलेला नांगरांचा कारखाना त्यांनी इथं उभा केला, भोवती गाव वसवलं. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिकंही याच माळावरून महाराष्ट्रभर गेली.

पण मला लक्ष्मणरावांची वेगळीच गोष्ट आवडते. त्यांना व्हायचं होतं चित्रकार. त्यासाठी ते मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंगांधळेपणा! पेंटिंगचा विषय तिथंच संपला. मग ते वळले यंत्रांच्या ड्रॉइंगकडे, कारण त्यात रंग लागत नाही, रेघ लागते. त्यात ते इतके तयार झाले की मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तो विषय शिकवायला लागले. पुढचं सगळं म्हणजे सायकलींचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर आणि ही वाडी.

एका डोळ्यांच्या दोषातून हे अख्खं गाव आलं म्हटलं तर जरा जास्तच होईल. पण स्टेशनच्या बाहेर रिक्षाची वाट बघताना माझ्या डोक्यात दुसऱ्या एका डोळ्याची गोष्ट चालू होती, त्यामुळे ही आठवली.

एक रुपयात तीन विमानं

रिक्षानं पलूस येतं पटकन. स्टँडच्या परिसरात उतरलो. मोबाइलचं दुकान, त्याला लागून वडापावचा गाडा, पुढं औषधांचं दुकान. शेती औषधांचं बरं का, इथं आधी ते असतं! त्या मोबाइलच्या दुकानाच्या गाळ्यात १९९१ च्या सुट्टीत व्हिडिओ गेम पार्लर होतं. पार्लर म्हणजे काय, पत्र्याचं शटर, आत अंधार, उदबत्तीचा वास आणि तीन मशिन्स. दोन सारखी बंद पडायची. तिसरं म्हणजे जॅक्सन.

खरं नाव ‘झॅक्सन’. सेगा या जपानी कंपनीचा १९८२ सालचा गेम. पण ‘झॅक्सन’ कोण म्हणणार? मायकेल जॅक्सनचं पोस्टर सलूनमध्ये लागलेलं होतंच. त्यामुळे अख्ख्या पलूसमध्ये त्याचं नाव जॅक्सन. मशीन आमच्याकडे पोचलं तेव्हा जवळजवळ दहा वर्षांचं म्हातारं होतं. कुणी म्हणायचं मुंबईहून आलंय, कुणी म्हणायचं कोल्हापूरहून. काचेला एक मोठा चरा होता आणि दांड्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं होतं.

आज तुमच्या फोनमधला फुकटचा गेमसुद्धा थ्रीडी असतो, त्यामुळे त्या मशीनमध्ये काय जादू होती ते समजायला थोडं मागं जावं लागेल. तोपर्यंत विमानांचे गेम कसे होते? तुमचं विमान खाली, शत्रू वर, आणि तुम्ही डावीकडे-उजवीकडे. सपाट मामला, कॅरमसारखा. जॅक्सनमध्ये मात्र तुम्ही कोपऱ्यातून तिरकं बघायचात. खाली अवकाशातला एक किल्ला, त्यावर तोफा, ड्रम, रॉकेट्स आणि विटांच्या उंच भिंती. विमान डावीकडून उजवीकडे तिरकं वर जायचं. आणि मुख्य म्हणजे त्याला उंची होती. दांडा मागं ओढला की वर, पुढं ढकलला की खाली. अगदी खऱ्या वैमानिकासारखं!

त्यात भिंत यायची. भिंतीत एकच फट. जास्त वर असलात तर धडकलात, जास्त खाली असलात तरी धडकलात. फटीतून गेलात तर पुढं विजेचा पडदा. शिवाय इंधन सारखं कमी होत जायचं. ते भरायचं कसं, तर खालचे इंधनाचे ड्रम गोळ्या घालून फोडायचे. ड्रम फुटला की आपली टाकी भरली! हे लॉजिक आम्हाला तेव्हाही कळलं नव्हतं. स्टँडसमोरच्या पंपावर असं का होत नाही, असं मी मामांना विचारलं होतं. मामांनी उत्तर दिलं नाही, नुसतं बघितलं.

किल्ला संपला की काळं अवकाश, शत्रूची विमानं. मग दुसरा किल्ला. आणि सगळ्यात शेवटी एक यंत्रमानव, झॅक्सन स्वतः.

एक रुपयात तीन विमानं मिळायची. माझी तिन्ही पहिल्या दोन भिंतींतच संपायची. दादा एका रुपयात वीस मिनिटं खेळायचा. मागं पोरं उभी. कुणी बोललं की पार्लरवाला दम द्यायचा, ‘ए, जॅक्सन चाललाय!’

मी त्याला विचारलं होतं, ‘तुला उंची कशी कळते?’

‘विमानाकडं बघूच नगंस,’ दादा म्हणाला. ‘सावलीकडं बघ.’

आणि खरंच, विमानाची सावली होती! खाली किल्ल्याच्या जमिनीवर सरकणारा एक छोटासा काळा ठिपका. विमान खाली आलं की सावली जवळ यायची, वर गेलं की लांब जायची. व्हिडिओ गेममध्ये अशी सावली तेव्हा जवळजवळ नवलाईच होती. पडदा सपाट, काच सपाट, चित्र सपाट. पण त्या ठिपक्यामुळे डोक्यात जागा तयार व्हायची. वर, खाली, पुढं, मागं. डाव्या बाजूला उंची दाखवणारी पट्टीही होती, पण ती बघायला वेळ कुणाला!

दुसरी युक्ती गोळीची. भिंत आली की आधी गोळी मारायची. गोळी विटांवर फुटली तर तुमची उंची चुकली. गोळी फटीतून पलीकडं गेली तर तुम्हीही जाणार. ‘आधी गोळी पाठवायची, मग आपण जायचं,’ दादाचा नियम.

तीस अंशांची भिंत

पुढच्या वर्षी दादा आयटीआयला लागला. टर्नर व्हायचं होतं. इकडच्या पोरांच्या डोळ्यांसमोर तेव्हा दोन स्वप्नं असायची, मिलिटरी नाहीतर कारखाना. एकदा ड्रॉइंगच्या तासाला सरांनी फळ्यावर एक ठोकळा काढला. समोरून नाही, वरून नाही, तर कोपऱ्यातून. तीन बाजू एकदम दिसणारा. तीस अंशांचा सेटस्क्वेअर लावून काढलेल्या रेघा. याला म्हणायचं आयसोमेट्रिक व्ह्यू.

आणि दादा वर्गात मोठ्यांदा बोलून गेला, ‘ही जॅक्सनची भिंत हाय की!’

सगळा वर्ग हसला. पण तो शंभर टक्के बरोबर होता. झॅक्सन या नावातच ते दडलंय. ‘ॲक्सोनोमेट्रिक’ हा जो ड्रॉइंगचा प्रकार, त्यातला ‘ॲक्सन’ घेऊन ते नाव केलंय. आयसोमेट्रिक हा त्याचाच धाकटा भाऊ. यात लांबची वस्तू लहान होत नाही. रेल्वेचे रूळ लांब जाऊन एकमेकांना मिळतात तसं इथं होत नाही, समांतर रेघा शेवटपर्यंत समांतर. डोळ्याला असं कधीच दिसत नाही. पण कारखान्याला हेच हवं असतं, कारण कागदावर फूटपट्टी लावून माप घेता येतं.

केंब्रिजच्या विल्यम फॅरिश नावाच्या प्रोफेसरांनी १८२२ साली या पद्धतीवर निबंध लिहिला. ते वर्गात यंत्रांची मॉडेल्स दाखवायचे. ती दर वेळी सुटी करून पुन्हा जोडायला लागायची आणि मदतनिसांचा घोळ व्हायचा. कुठला भाग कुठं बसतो ते एकाच चित्रात कळावं, म्हणून हा तिरका व्ह्यू. म्हणजे बघा, इंग्लंडमधल्या मदतनिसांसाठी मांडलेली पद्धत, यंत्रांच्या ड्रॉइंगमधून पलूसच्या आयटीआयच्या पोरांपर्यंत आली आणि जपानमधून, व्हिडिओ गेममध्ये बसून, स्टँडजवळच्या गाळ्यातही आली. दोन्ही एकाच पोराला भेटल्या!

गेम बनवणाऱ्यांचीही सोय होती त्यात. १९८० च्या दशकात थ्रीडीचा आभास करायच्या दोन मोठ्या वाटा होत्या. एक, लांबची वस्तू लहान काढायची आणि जवळ आली की भराभर मोठी करायची. सेगाचाच १९८५ चा ‘स्पेस हॅरियर’ तसा. पण त्याला मशीन तगडं लागतं. दुसरी वाट झॅक्सनची. वस्तूचा आकार बदलायचाच नाही, फक्त कोन तिरका ठेवायचा आणि सावलीवर भरवसा टाकायचा. स्वस्तात मस्त! पुढं ‘एज ऑफ एम्पायर्स’, ‘फार्मव्हिल’, ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ सगळे याच तिरक्या कोनाच्या कुळातले. तुम्ही मीटिंगमध्ये टेबलाखाली जे गाव लुटता ना, त्याचे पणजोबा जॅक्सन.

नाणं

१९९३ च्या उन्हाळ्यात दादा सुट्टीत एका वर्कशॉपमध्ये कामाला जात होता. ग्राइंडरवर काम करताना लोखंडाचा कण उडाला आणि डाव्या डोळ्यात गेला. चष्मा होता, पण खुंटीला. वय सतरा. मिरजेला नेलं, डोळा दिसायला नीट राहिला, नजर मात्र गेली.

दोन डोळे असले की मेंदूला दोन वेगळी चित्रं मिळतात. दोन्ही डोळ्यांत काही सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे चित्रांत बारीक फरक असतो आणि त्या फरकातून खोली कळते. एक डोळा गेला की हे गणित बंद. दादा कपात चहा ओतायचा तर चहा बशीत. जिना उतरताना शेवटची पायरी हवेत. कुणी हातात सुट्टे पैसे दिले तर हात बोटभर अलीकडंच बंद व्हायचा. टर्नरचं काम म्हणजे केसाएवढ्या मापाचा खेळ. नोकरीच्या मेडिकलला तो नापास झाला. घरी आला आणि माडीवर जाऊन झोपला. जवळजवळ महिनाभर खालीच आला नाही.

मी सुट्टीला आलो तेव्हा त्याला ओढत पार्लरमध्ये नेलं. मला एवढंच कळत होतं की हा जॅक्सन खेळला की खूश होतो. त्यानं खिशातून रुपया काढला आणि मशीनच्या खाचेत टाकायला गेला. नाणं पत्र्यावर आपटून खाली पडलं. पुन्हा टाकलं, पुन्हा पडलं. मागची पोरं गप्प. कुणीतरी हसलंही असेल. मी नाणं उचललं आणि टाकलं.

मग गेम सुरू झाला. पहिली भिंत आली. आणि दादा फटीतून गेला. दुसरी, तिसरी. विजेचा पडदा. ड्रम, ड्रम, ड्रम. तसाच खेळत होता, आधीसारखा!

तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. त्या पडद्यावर खोली नव्हतीच. सपाट काच. दोन डोळ्यांच्या पोरालाही तिथं दुसऱ्या डोळ्याचा काही फायदा नव्हता. जे होतं ते सगळं खुणांमधून. सावली कुठं आहे, कोण कुणाच्या मागं झाकलं जातंय, कोण किती वेगानं सरकतंय. जॅक्सनसमोर सगळेच एका डोळ्याचे होते आणि त्यात दादाची प्रॅक्टिस सगळ्यांपेक्षा जास्त.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवली आणि मग चहा ओतला. एक थेंब सांडला नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, ‘आधी गोळी पाठवायची.’

मग तसंच शिकत गेला. जिना उतरताना पायाची सावली बघायची. गाडी चालवताना समोरच्या गाडीखालचा अंधार बघायचा. मान जराशी हलवली की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, त्यावरून अंतर ओळखायचं. डॉक्टरांकडं यासाठी मोठे शब्द आहेत. दादाकडं जॅक्सन होता. टर्नर झाला नाही तो. दोन एकर द्राक्षबाग केली. छाटणीची कात्री त्या हातात अशी चालायची की बघत राहावं.

सावली दिसंना

‘आलास व्हय लगा!’ दादा दारातच होता. पन्नाशीला आलाय आता. मला ओळखलं, पण आवाजावरून. ते मला तेव्हाच खटकलं.

उजव्या डोळ्यात, म्हणजे एकुलत्या एका चांगल्या डोळ्यात, मोतीबिंदू. शुगर आहे, त्यामुळे लवकर झाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन आता रोजचं झालंय. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढायचं, कृत्रिम बसवायचं, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. पण ज्याला एकच डोळा आहे त्याला हे सांगून बघा! दीड वर्ष तो टाळत होता. आधी ‘बाग उरकू दे.’ मग ‘पोरीची ॲडमिशन होऊ दे.’ मग ‘दिसतंय की मला.’

मी पहिल्या रात्री विषयच काढला नाही. वहिनींनी भाकरी, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा वाढला. जेवणं झाल्यावर मी बॅगेतून प्लेस्टेशन काढला आणि टीव्हीला जोडला. २००९ साली निघालेल्या सेगाच्या जुन्या गेम्सच्या डिस्कमध्ये झॅक्सन आहे, पण लपवलेला. दुसऱ्या गेममध्ये काहीतरी साधलं की तो उघडतो. त्यासाठी मी पुण्यात दोन रात्री जागलो होतो. ऑफिसात डोळे लाल बघून मॅनेजर म्हणाला, ‘रिलीज आहे का?’

पडद्यावर नाव आलं. दादा पुढं सरकून बसला. ‘आयला! जॅक्सन!’

त्याची मुलगी कराडला इंजिनिअरिंग करते. ती म्हणाली, ‘पप्पा, हे तर आयसोमेट्रिक आहे. आमच्याकडं एक बटण दाबलं की होतं.’

‘आमच्याकडं एक रुपया टाकला की व्हायचं,’ दादा म्हणाला.

त्यानं कंट्रोलर घेतला. पहिली भिंत. धडक. ‘हाताची सवय गेली,’ तो म्हणाला. दुसरं विमान. धडक. तिसरं विमान त्यानं अगदी सावकाश आणलं, गोळ्या मारत. गोळी विटांवर फुटली ती त्याला दिसली नाही. धडक.

कुणी काही बोललं नाही. त्यानं परत सुरू केलं. मी म्हणालो, ‘दादा, सावलीकडं बघ.’

बराच वेळ तो पडद्याकडं बघत बसला. मग म्हणाला, ‘सावली दिसंना लगा.’

मोतीबिंदूत नुसतं धूसर होत नाही. काळं-पांढरं यातला फरकच विरत जातो. मोठी अक्षरं वाचता येतात, माणसं दिसतात, त्यामुळे वाटतं की चाललंय. पण राखाडीवरचा गडद राखाडी आधी जातो. आणि दादाचं तीस वर्षांचं सगळं अंतर मोजणं त्या राखाडीवर उभं होतं. आम्हा दोन डोळेवाल्यांना सावली पुसट झाली तर निभावतं. त्याची पट्टीच गेली होती.

मग तो आपणहून बोलायला लागला. गेल्या हंगामात मणी विरळायला तो बागेत गेलाच नव्हता. सगळ्यांना सांगितलं पाठ दुखते. एप्रिलच्या छाटणीला दोन ठिकाणी राखायची काडी कापली गेली. रात्री मोटारसायकल बंद केलीय. जिन्यावर भिंतीला हात लावून उतरतो. वहिनी हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होत्या.

‘भ्या वाटतं रं,’ तो म्हणाला. ‘ह्यो गेला तर?’

मी खोटं काय सांगू? मी म्हणालो, ‘डॉक्टरांना हेच विचारू. एकच डोळा आहे हे त्यांना माहीतच असेल, जास्त जपून करतात. पण छाटणी पुढच्या महिन्यात आहे दादा. आणि तू आत्ता भिंतीत जातोयस.’

तो कंट्रोलरशी चाळा करत राहिला. पडद्यावर गेम आपोआप चालू झाला होता, डेमोचं विमान फटीतून आरामात चाललं होतं.

‘तारीख घे,’ तो मुलीला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही औदुंबरला गेलो. कृष्णेचा घाट, दत्ताचं देऊळ, झाडांची गार सावली. पाणी अजून गढूळ आणि भरून होतं. घाटाच्या पायऱ्या उतरताना दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. याआधी कधी ठेवला नव्हता. मीही काही बोललो नाही, फक्त एक पायरी पुढं राहिलो.

फोन

ऑपरेशनला मी नव्हतो, रिलीज खरंच होता. मिरजेला झालं. पट्टी काढल्यावर दुसऱ्या दिवशी फोन आला. मीटिंगमधून उठून बाहेर आलो.

‘दिसतंय का?’

‘दिसतंय की! घरात कोळीष्टकं किती झाल्यात, वैनीला सांगितलं तर चिडली.’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘काय रं, मोरचूद एवढं निळं असतंय व्हय?’

बागायतदारांच्या घरात मोरचूद असतंच. चुन्यात कालवून बोर्डो मिश्रण करतात आणि वेलींवर फवारतात. मोतीबिंदूत भिंग पिवळट होतं आणि निळा रंग आधी मारला जातो, हे मला नंतर कळलं. वर्षानुवर्षं हळूहळू होतं, त्यामुळे लक्षात येत नाही. बागेत जायला, फवारणीला, धुळीला त्याला सध्या डॉक्टरांनी बंदी केलीय. म्हणून तो सोप्यात खुर्ची टाकून कोपऱ्यातल्या मोरचुदाच्या पोत्याकडं बघत बसला होता.

‘ते मशीन ठेवलंयस न्हवं हितं?’ त्यानं विचारलं.

‘ठेवलंय. पण टीव्ही जास्त बघायचा नाही सध्या.’

‘खेळत न्हाई रं. पोरगीला लावाय सांगितलं, म्या लांबनं बघितलं. चौथ्या भिंतीत गेली. तिला म्हटलं, विमानाकडं बघू नगंस.’

तुम्हाला जायचंय?

कसं जाल : पुण्याहून मिरज-कोल्हापूरकडं जाणाऱ्या आणि किर्लोस्करवाडीला थांबणाऱ्या गाडीनं. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, टाइमटेबल बघूनच तिकीट काढा. तिथून पलूसला रिक्षा मिळते.

काय बघाल : औदुंबरचं दत्ताचं देऊळ आणि कृष्णेचा घाट. पलीकडं सागरेश्वर अभयारण्य, उजाड डोंगरांवर माणसांनी मुद्दाम उभं केलेलं जंगल. बालगंधर्वांशी नातं सांगणारं नागठाणे.

कधी जाल : द्राक्षांसाठी जानेवारी ते मार्च. बागेत शिरण्याआधी मालकाला विचारा. फवारणी झाली असेल तर घड तोडून तोंडात टाकू नका.

काय न्याल : ग्राइंडरवर काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याच्यासाठी एक चांगला सेफ्टी चष्मा. आणि त्याला सांगा, खुंटीला लावायचा नाही.